गुंगमहालाच्या भिंती आणि हातांची भाषा

वाचकहो, अकबर बादशहाचे नाव घेतले की फतेहपूर सिक्री डोळ्यांपुढे उभी राहते. बुलंद दरवाजा, इबादतखान्यात रात्र रात्र चालणारी चर्चा, निरनिराळ्या धर्मांचे पंडित आणि उलेमा हे सारे आपण शाळेत वाचलेले असते. परंतु त्याच परिसरात बादशहाने आणखी एक वास्तू उभी केली होती व तिचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. लोक तिला 'गुंगमहाल' म्हणत. फारसीत गुंग म्हणजे मुका. 'मती गुंग झाली' असे आपण मराठीत म्हणतो, त्यातला गुंग हाच.

बादशहाला जिज्ञासा होती, की मनुष्याची उपजत भाषा कोणती? मुलाला कोणी काहीच शिकवले नाही, तर ते आपणहून कोणती भाषा बोलेल? या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी सुमारे १५७८-७९ मध्ये काही तान्ही मुले आईपासून दूर करून एका वेगळ्या घरात ठेवण्यात आली. इतिहासकार बदायुनी यांनी मुलांची संख्या वीसच्या आसपास दिली आहे. दाया व नोकर नेमले गेले. पण मुलांसमोर एक शब्दही उच्चारायचा नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती. १५८२ मध्ये बादशहा स्वतः तेथे गेला. अबुल फजल यांनी नोंदवून ठेवले आहे, की त्या घरातून बोलण्याचा एक शब्दही ऐकू आला नाही. मुक्या माणसाच्या तोंडून निघावेत तसे आवाज तेवढे निघत होते. बदायुनी लिहितात की त्यांतील कित्येक मुले दगावली.

प्रयोग क्रूर होता, यात शंका नाही. परंतु त्यातून जे निष्पन्न झाले ते आजच्या भाषाशास्त्रालाही मान्य आहे. मूल भाषा घेऊन जन्माला येत नाही. भाषा शिकण्याची शक्ती घेऊन जन्माला येते. ती शक्ती फुलते ती सहवासात. समोर कोणी बोलणारा नसेल, तर कान आणि जीभ धडधाकट असूनही मूल मुके राहते.

आता, पालकहो, या कथेची दुसरी बाजू पाहा. ज्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नाही, ते भरल्या घरात वाढते. आई बोलते, वडील बोलतात, आजी अंगाई गाते, भावंडे भांडतात, शेजारी येऊन गप्पा मारतात. पण या साऱ्यातले एक अक्षरही त्या मुलापर्यंत पोहोचत नाही. आणि घरात कोणालाही हातांची भाषा येत नसेल, तर ते मूल आपल्याच घरात गुंगमहालात राहत असते. फरक इतकाच, की तेथील भिंती बादशहाच्या हुकुमाने उभ्या राहिल्या होत्या आणि येथील भिंती आपल्या अज्ञानाने उभ्या राहतात.

हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची नोंद ५० लाख ७१ हजारांवर होती. अमेरिकेतील पाहण्यांत असे दिसून आले आहे, की कर्णबधिर मुलांपैकी दहांत नऊहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. याचा अर्थ असा, की बहुसंख्य कर्णबधिर मुलांच्या घरी ही भाषा आधीपासून नसते. ती कोणीतरी मुद्दाम शिकून घरात आणावी लागते. ऐकणाऱ्या माणसांनी ही भाषा कधी शिकली आणि शिकल्यावर काय घडले, हे इतिहासातील काही प्रसंगांवरून पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

खूण ही भाषा आहे काय?

'मूकबधिर' हा शब्द आपल्याकडे पूर्वापार चालत आला आहे. आता 'कर्णबधिर' असे म्हटले जाते आणि ते योग्यही आहे. कारण अशा बहुतेक माणसांच्या गळ्यात किंवा जिभेत काही दोष नसतो. ऐकू न आल्यामुळे बोलणे शिकता येत नाही, एवढेच. तरीही 'ज्याला बोलता येत नाही त्याला विचार करता येत नाही' हा गैरसमज जगात फार जुना आहे. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियन याच्या कायद्याने जन्मतः बहिऱ्या व मुक्या माणसाला मृत्युपत्र करण्याचाही अधिकार नाकारला होता.

मुस्लिम विद्वानांनी या बाबतीत वेगळा विचार केला होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवे. बसऱ्याचा थोर लेखक अल-जाहिज नवव्या शतकात होऊन गेला. 'अल-बयान वत्-तबयीन' या ग्रंथात मनातील अर्थ दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे पाच मार्ग त्याने सांगितले आहेत: शब्द, इशारा, बोटांनी करावयाची मोजणी, लेखन आणि वस्तूची स्वतःची स्थिती. शब्दाच्या पाठोपाठ त्याने इशाऱ्याला स्थान दिले आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हजरत जकरिया यांनी तीन दिवस केवळ इशाऱ्याने लोकांशी व्यवहार केल्याचा उल्लेख कुरआन शरीफमध्ये आहे, तोही आपल्या परिचयाचा आहे.

फिकहच्या ग्रंथांतही हा विषय आला आहे. मरगिनानी (निधन ११९७) यांच्या 'हिदाया' या हनफी ग्रंथाच्या अखेरच्या भागात मुक्या माणसाच्या खुणेचा विचार केलेला आहे. त्याची खूण ओळखीची व समजण्याजोगी असेल, तर निकाह, तलाक, खरेदी-विक्री, वसियत अशा व्यवहारांत ती ग्राह्य धरावी, असे त्यात सांगितले आहे. हद्दच्या शिक्षांमध्ये मात्र संशयाला जागा राहू नये म्हणून खुणेवर विसंबू नये, असा अपवादही केला आहे. याच 'हिदाया'चा चार्ल्स हॅमिल्टनने केलेला इंग्रजी अनुवाद १७९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानातील न्यायालयांत त्याचा आधार घेतला जाऊ लागला.

पुढे उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' हा दिवाणी कायद्याचा संग्रह तयार झाला. त्यातील ७० वे कलम सांगते, की मुक्याची परिचित खूण ही जिभेने केलेल्या निवेदनासारखीच मानावी. त्याला लागून असलेले ७१ वे कलम सांगते, की दुभाष्याचे म्हणणे सर्व बाबतींत स्वीकारावे. ही दोन कलमे शेजारी शेजारी यावीत, हे अर्थपूर्ण आहे. माणसाला त्याच्या भाषेत बोलू द्या आणि न्यायाधीशाला ती भाषा येत नसेल तर मध्ये दुभाष्या बसवा, इतका सरळ हा न्याय आहे.

सुलतानाच्या महालातील शांतता

कायद्यात ही समजूत कोठून आली असेल? तिला प्रत्यक्ष व्यवहाराचीही जोड होती. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात कर्णबधिर सेवकांची परंपरा पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून दिसते. त्यांना तुर्कीत 'दिलसिझ' म्हणत. दिल म्हणजे जीभ, आणि दिलसिझ म्हणजे जिभेवाचूनचा. सुलतान सुलेमान (कारकीर्द १५२० ते १५६६) याच्या काळात त्यांच्या खुणांना दरबारात विशेष मान मिळाला, असे परंपरेने सांगितले जाते.

सुलतानासमोर मोठ्याने बोलणे तर दूरच, कुजबुजणेही बेअदबी समजली जाई. राजवाड्याच्या आतल्या चौकात शेकडो माणसे वावरत असूनही तेथील शांततेचे परदेशी वकिलांना मोठे आश्चर्य वाटे. मग तेथील कारभार चाले कसा? तो खुणांनी चाले. व्हेनिसचा वकील ओत्ताविआनो बोन सतराव्या शतकाच्या आरंभी इस्तंबूलला होता. त्याने लिहून ठेवले आहे, की हे दिलसिझ कोणतीही गोष्ट, लांबलचक कहाणीसुद्धा, खुणांनी सांगू शकत. पुढे १६६८ मध्ये पॉल रायकॉट या इंग्रज गृहस्थाने लिहिले, की ही भाषा दरबारात इतकी रुळलेली आहे की जवळजवळ प्रत्येकाला तिच्यात आपला आशय सांगता येतो. वडीलधारे दिलसिझ नव्याने आलेल्या मुलांना रोज ही भाषा शिकवीत, गोष्टी सांगत आणि विनोदही करीत. ही एक पाठशाळाच होती, म्हणा ना! आणि तिचे उस्ताद स्वतः कर्णबधिर होते.

येथे एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. या सेवकांकडून राजवाड्याने काळी कामेही करून घेतली. १५५३ मध्ये शहजादा मुस्तफाचा वध सुलतान सुलेमानच्या तंबूत दिलसिझांकरवी झाला, ही गोष्ट इतिहासप्रसिद्ध आहे. ते गुपित फोडणार नाहीत, ही दरबाराची सोय होती. तेव्हा उस्मानी दरबार हा काही कर्णबधिरांचा स्वर्ग नव्हता. परंतु एक गोष्ट त्यातून सिद्ध होते. ऐकणाऱ्यांनी मनावर घेतले, तर ते खुणांची भाषा शिकू शकतात, पिढ्यान्पिढ्या वापरू शकतात आणि तिच्यात राज्यकारभारही करू शकतात. राजवाड्यातल्या पाशांनी ती गरज म्हणून शिकली. आपल्याला आपल्या मुलाची गरज त्याहून कमी वाटावी काय?

एक बेट आणि एक गाव

राजवाडा सोडून आता साध्या माणसांकडे येऊ. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. सतराव्या शतकात तेथे इंग्लंडच्या केंट परगण्यातील काही कुटुंबे येऊन वसली. त्यांच्यात आनुवंशिक बहिरेपणा होता. बेटावरील माणसे आपसांतच लग्ने करीत राहिल्यामुळे तो वाढला. एकोणिसाव्या शतकात संपूर्ण अमेरिकेत ५,७२८ माणसांमागे एक कर्णबधिर होता, तेव्हा या बेटावर १५५ माणसांमागे एक होता. आणि चिलमार्क या गावात तर दर २५ माणसांमागे एक होता.

यामुळे बेटावर हाहाकार उडाला असेल, असे आपल्याला वाटेल. तसे काही झाले नाही. बेटावरच्या ऐकणाऱ्या माणसांनी खुणांची भाषा शिकून घेतली. शिकून घेतली म्हणण्यापेक्षा, मुले ती इंग्रजीबरोबरच खेळता खेळता उचलत असत. एका होडीतला कोळी दुसऱ्या होडीतल्या कोळ्याशी खुणांनी बोले, कारण समुद्रावर आवाज पोहोचत नाही. गावच्या सभेत आणि चर्चमध्ये कर्णबधिर माणूस बसला असेल तर कोणीतरी सहज खुणा करून सांगे. कर्णबधिर माणसे मासेमारी करीत, शेती करीत, कर भरीत, गावची पदे भूषवीत. त्यांतील अनेकांची लग्ने ऐकू येणाऱ्यांशी होत.

नोरा एलन ग्रोस या संशोधक बाईंनी बेटावरील वृद्धांच्या आठवणी गोळा करून १९८५ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एक मार्मिक प्रसंग आहे. एका वृद्धेला त्यांनी दोन जुन्या गावकऱ्यांविषयी विचारले, तेव्हा तिला प्रथम आठवले ते एवढेच, की ते दोघे फार चांगले कोळी होते. ते बहिरे होते हे पुन्हा विचारल्यावरच तिच्या ध्यानात आले. वाचकहो, या एका प्रसंगात पुष्कळ काही सामावले आहे. कान तेच, बहिरेपण तेच. पण सगळ्या गावाला भाषा येत असली, की ते बहिरेपण लोकांच्या आठवणीतही राहत नाही. बेटावरील या परंपरेतील अखेरची जन्मतः कर्णबधिर व्यक्ती १९५२ मध्ये वारली.

असेच एक गाव मुस्लिम समाजातही आहे. दक्षिण इस्रायलमधील नेगेवच्या वाळवंटात अल-सय्यिद नावाची बदाऊनी नव्हे, तर बदू, म्हणजे बेदुइन अरबांची वस्ती आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ती वसली. १९३० च्या सुमारास, पाचव्या पिढीत, तेथे प्रथम काही कर्णबधिर भावंडे जन्माला आली. २००५ मध्ये या गावाविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले तेव्हा साडेतीन हजारांच्या वस्तीत सुमारे दीडशे माणसे कर्णबधिर होती. त्यांना कोणत्याही शाळेने खुणा शिकवल्या नव्हत्या. घराघरांतून, भावाभावांतून त्यांनी स्वतःची भाषा घडवली आणि गावातल्या ऐकणाऱ्या माणसांनीही ती आत्मसात केली.

या भाषेत एक गंमत संशोधकांना आढळली. तिच्यात आधी कर्ता, मग कर्म आणि शेवटी क्रियापद येते. गावच्या बोलीभाषेत, म्हणजे अरबीत, असा क्रम नाही. शेजारच्या हिब्रूतही नाही. आपल्या मराठीत व उर्दूत मात्र तसाच क्रम आहे: 'मुलगा सफरचंद खातो.' म्हणजे खुणांची भाषा ही बोलीभाषेची नक्कल नसते. तिला तिचे स्वतःचे व्याकरण असते. नंतरच्या पिढीतील मुले शाळेत जाऊ लागल्यावर तेथील इस्रायली खुणांचाही तिच्यावर प्रभाव पडला आहे.

येथेच पालकांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. व्हिनयार्ड आणि अल-सय्यिद या दोन्ही ठिकाणी बहिरेपण वाढण्याचे कारण जवळच्या नात्यातील लग्ने हे होते. चुलत-मामे भावंडांत लग्ने करण्याची चाल आपल्याकडेही आहे. ज्या घराण्यात जन्मजात बहिरेपण आहे, त्यांनी असे नाते जुळवण्यापूर्वी आनुवंशिक रोगांच्या जाणकार डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र मूल कर्णबधिर जन्मले म्हणून आईला दोष देणे, हे अज्ञानही आहे आणि जुलूमही आहे.

पॅरिसचा गुरू, जो शिष्य झाला

शाळेच्या रूपाने कर्णबधिरांचे शिक्षण सर्वांना खुले झाले ते फ्रान्समध्ये. आबे द लेपे (१७१२ ते १७८९) या धर्मगुरूची पॅरिसमध्ये दोन कर्णबधिर बहिणींशी गाठ पडली आणि १७६० च्या सुमारास त्याने गरीब कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू केली. त्याची खरी थोरवी कशात आहे? मुलांनी माझी भाषा शिकावी, एवढाच हट्ट न धरता तो आधी मुलांपासून त्यांच्या खुणा शिकला. पुढे त्याने त्यांत फ्रेंच व्याकरणाच्या खुणांची भर घातली, ती फारशी टिकली नाही; पण कर्णबधिरांच्या मूळ खुणा टिकल्या. पिएर देलोज नावाच्या कर्णबधिर बुकबाइंडरने १७७९ मध्ये पुस्तक लिहून जगाला सांगितले, की पॅरिसच्या कर्णबधिरांची ही भाषा त्या शाळेच्याही आधीपासून नांदत आहे.

या शाळेतून लॉराँ क्लेर हा कर्णबधिर शिक्षक तयार झाला. अमेरिकेतून टॉमस गॅलॉडेट नावाचा तरुण युरोपात आला होता. त्याच्या शेजारच्या डॉक्टरांची मुलगी ॲलिस कर्णबधिर होती आणि तिच्यासाठी त्याला ही विद्या हवी होती. ब्रिटनमध्ये ज्यांच्या हाती हे शिक्षण होते त्यांनी आपली पद्धत त्याला मोकळेपणाने दिली नाही. पॅरिसने दिली. १८१६ मध्ये क्लेर आणि गॅलॉडेट एकाच जहाजातून अमेरिकेला निघाले. ५२ दिवसांच्या त्या प्रवासात ऐकणाऱ्याने कर्णबधिराला इंग्रजी शिकवली आणि कर्णबधिराने ऐकणाऱ्याला खुणांची भाषा शिकवली. विद्यार्थी मित्रांनो, कर्णबधिर आणि ऐकणारा यांचे नाते कसे असावे, याचे याहून चांगले चित्र मला ठाऊक नाही. त्यात कोणी दाता नव्हता, कोणी याचक नव्हता. दोघेही उस्ताद होते आणि दोघेही शागीर्द होते. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्ड येथे त्यांची शाळा सुरू झाली. व्हिनयार्ड बेटावरची मुलेही पुढे तेथे शिकली. १८६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या सहीने वॉशिंग्टनमधील कर्णबधिरांच्या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. तीच आजची गॅलॉडेट युनिव्हर्सिटी.

मिलानचा ठराव

परंतु इतिहास सरळ रेषेत चालत नाही. सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शाळांतून खुणांना फाटा देऊन केवळ तोंडी बोलण्याचे शिक्षण द्यावे, असा ठराव तेथे प्रचंड बहुमताने संमत झाला. १६४ प्रतिनिधींत कर्णबधिर होता फक्त एक! ज्यांच्या आयुष्याचा निकाल लावायचा, त्यांनाच कोणी विचारले नाही.

परिणाम दूरवर झाले. युरोप-अमेरिकेतील शाळांतून कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. खुणा केल्या म्हणून मुलांच्या हातांवर छड्या बसल्या. ओठ वाचण्यात आणि न ऐकलेले ध्वनी उच्चारण्यात मुलांची वर्षेच्या वर्षे गेली आणि गणित, इतिहास, विज्ञान मागे पडले. काहींना चांगले बोलता आलेही. पण ज्यांना आले नाही त्यांच्या हाती कोणतीच भाषा उरली नाही. हा नवा गुंगमहाल शाळेच्या नावाने उभा राहिला होता. या ठरावाबद्दल त्याच आंतरराष्ट्रीय परिषदेने जाहीर खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, व्हँकूवर येथे, तब्बल १३० वर्षांनी.

या काळोखात दिवा लावला तो एका इंग्रजीच्या प्राध्यापकाने. विल्यम स्टोकी हा ऐकू येणारा गृहस्थ १९५५ मध्ये गॅलॉडेट येथे शिकवायला आला. आपले विद्यार्थी हातांनी जे करतात ते हावभाव नसून भाषा आहे, हे त्याच्या ध्यानात आले. हाताचा आकार, हाताची जागा आणि हाताची हालचाल यांतून शब्द घडतात, जसे आपले शब्द ध्वनींतून घडतात, असे त्याने १९६० मध्ये दाखवून दिले. १९६५ मध्ये डोरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनबर्ग या दोन कर्णबधिर सहकाऱ्यांसह त्याने कोशही तयार केला. येथेही पाहा, काम फळाला आले ते दोघांनी मिळून केले तेव्हाच.

आपल्या देशात

मुंबईत माझगाव येथे कर्णबधिरांची शाळा १८८० च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने सुरू झाली. कलकत्त्याची शाळा १८९३ ची. त्या काळावर मिलानची छाया होती. आपल्याकडेही शाळांत भर तोंडी शिक्षणावरच राहिला. तरी वसतिगृहांत, मधल्या सुट्टीत, रेल्वे स्थानकांवर कर्णबधिर तरुण आपल्या खुणांनी बोलत राहिले आणि भाषा जिवंत राहिली. १९७० च्या दशकात मदन वशिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, मुंबई, कलकत्ता व बंगलोर येथील खुणा गोळा केल्या. वशिष्ठ हे हिमाचलच्या खेड्यातले, लहानपणी श्रवण गमावलेले आणि पुढे गॅलॉडेटला शिकलेले विद्वान. शहराशहरांत थोडाफार फरक असला, तरी बऱ्याच खुणा एकमेकींच्या नात्यातल्या आहेत, असे त्यांच्या अभ्यासातून दिसले.

या भारतीय सांकेतिक भाषेत आपल्या मातीची खूणही आहे. पुरुष दाखवायचा असेल तर हात मिशीकडे जातो, स्त्री दाखवायची असेल तर बोट नाकातल्या चमकीच्या जागी टेकते. वाक्यात क्रियापद सहसा शेवटी येते. 'कोण', 'काय', 'कुठे' हे प्रश्न वाक्याच्या अखेरीस येतात आणि भुवया व चेहरा त्यांना साथ देतात. म्हणजे चेहरा हा येथे शोभेचा नाही, व्याकरणाचा भाग आहे.

९ ऑगस्ट १९८३ रोजी मुंबईत वांद्रे येथे श्रवणदोषासंबंधीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिला नाव दिले गेले अली यावर जंग यांचे. उस्मानिया आणि अलीगढ या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू राहिलेले हे शिक्षणप्रेमी गृहस्थ १९७१ ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. आपल्या समाजातील एका विद्वानाचे नाव या कार्याशी जोडले गेले आहे, ते आपल्याला कर्तव्याची आठवण करून देणारे आहे.

पुढच्या घटना थोडक्यात सांगतो. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या कोशात २०१८ मध्ये तीन हजार शब्द होते, २०२१ मध्ये ते दहा हजारांवर गेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेचा संपर्काचे साधन म्हणून समावेश झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या भाषेचे देशभर प्रमाणीकरण करण्याचे म्हटले आहे. २३ सप्टेंबर हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला सांकेतिक भाषा दिन २०१८ पासून पाळला जातो. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या साहाय्याने उभ्या राहिल्या. 'मजल्ला'तील ७० वे आणि ७१ वे ही दोन कलमे वाचताना जे मनात येते, ते येथे प्रत्यक्ष घडलेले दिसते.

आपण काय करावे?

पालकहो, इतिहास वाचून केवळ हळहळ वाटावी, असा हा विषय नाही. काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे मुलाच्या कानांची तपासणी जन्मानंतर एका महिन्याच्या आत करून घ्या. शंका आली तर तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपाय सुरू व्हावा, असे तज्ज्ञ सांगतात. 'आमच्या घरात मुले उशिराच बोलतात' असे म्हणून वर्षे घालवू नका. भाषा रुजण्याचा काळ पहिल्या काही वर्षांचा असतो. तो पुन्हा परत येत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की खुणा शिकवल्याने मूल बोलायला शिकणार नाही, ही भीती मनातून काढून टाका. श्रवणयंत्र लावा, शस्त्रक्रिया शक्य असेल तर ती करा, बोलण्याचे शिक्षणही द्या. पण त्याबरोबर हातांची भाषाही द्या. आपल्या मुलांना घरात एक बोली, शाळेत मराठी, मदरशात अरबी आणि पुढे इंग्रजी अशा चार भाषा आपण शिकवतो. एकीने दुसरी मारली जाते, असे आपण तेव्हा म्हणत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ही भाषा केवळ मुलाने शिकून भागत नाही; आईने, वडिलांनी, भावंडांनी, दादी-नानींनी शिकली पाहिजे. वर्गात शिकलेली भाषा घरी कोणाशी बोलायची, हा प्रश्न मुलाला पडू देऊ नका. जेवताना सगळे हसतात आणि एक मूल सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत राहते. 'काय झाले?' असे त्याने विचारले, की 'काही नाही, नंतर सांगते' असे उत्तर मिळते. ते 'नंतर' बहुधा येतच नाही. ही वंचना अन्नवस्त्राच्या वंचनेपेक्षा कमी नाही. आणि कर्णबधिर मुलीला घरात झाकून ठेवण्याची जी चाल काही घरांत अजून आहे, ती तर सर्वांत आधी मोडली पाहिजे. तालीम हा तिचाही हक्क आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही काम आहे. तुमच्या मोहल्ल्यात, वर्गात, मशिदीच्या सफीत एखादा कर्णबधिर भाऊ असेल. त्याला दयेने पाहू नका, त्याच्या खुणांची नक्कल करून हसू नका. त्याच्याजवळ जा आणि त्याचीच भाषा त्याच्याकडून शिका. पहिल्या दिवशी पाच खुणा, आठवड्याने पंचवीस. द लेपेने तेच केले, क्लेर-गॅलॉडेटने तेच केले. ज्यांना गोडी लागेल त्यांनी पुढे दुभाष्याचे किंवा विशेष शिक्षकाचे रीतसर शिक्षण घ्यावे. या देशात अशा माणसांची फार वाण आहे. शिक्षणसंस्थांनी वर्षातून एकदा शिबिर भरवावे आणि त्यात शिकवायला कर्णबधिर शिक्षकालाच मानाने बोलवावे.

अकबर बादशहाने गुंगमहाल बांधला तो 'भाषा कोठून येते?' या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. उत्तर त्याला मिळाले. किंमत मात्र मुलांनी मोजली. ते उत्तर आता आपल्या हाती आहे, तेव्हा पुन्हा कोणा मुलाला ती किंमत मोजायला लावण्याचे कारण उरलेले नाही. भाषा माणसाकडून माणसाकडे येते. आपल्या घरातील मुलाला कानांनी ती घेता येत नसेल, तर ते डोळ्यांनी घेईल. आपण हात मात्र उचलले पाहिजेत.